प्रशांत महासागर तापला की जतला काय होते आणि कोयनेला काय होते

तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागायतदारांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: “एल निनो आला की दुष्काळ पडतो, असे दरवर्षी एप्रिलपासून ऐकतो. मग २०१९ मध्ये एल निनो असूनही सांगली पाण्यात कशी गेली? २०२३ मध्ये मात्र तो खरा का ठरला? आमची एक बाग तासगावात आहे, कोरडवाहू जमीन जतला आहे आणि सासुरवाडी पाटण तालुक्यात आहे. तिन्हीकडे पावसाचे वागणे एकमेकांशी जुळत नाही. समुद्राच्या तापमानाचा आमच्याशी नेमका संबंध काय, आणि त्यावरून छाटणीचा किंवा पेरणीचा निर्णय घेता येतो का?”

प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे, कारण त्यात तीन वेगळ्या पावसांची नावे आधीच आलेली आहेत: पाटण घाटाकडचे, जत पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यातले आणि तासगाव या दोहोंच्या मधले. माझे उत्तर आधी सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. समुद्राच्या तापमानाचा परिणाम आपल्या पावसावर थेट होत नाही. तो वाऱ्यांमार्फत होतो. सातारा-सांगलीत वारा आणि पाऊस यांचे नाते दर तीस-चाळीस किलोमीटरला बदलते. त्यामुळे “एल निनो आहे की नाही” या एका प्रश्नाला पाटणचे उत्तर वेगळे येते आणि जतचे वेगळे. अखिल भारतीय सरासरीचा अंदाज घेऊन कोणी तुमच्या शिवाराविषयी ठामपणे बोलत असेल, तर त्याने ही मधली पायरी गाळलेली असते.

प्रथम प्रशांत महासागराकडे पाहू. विषुववृत्ताजवळचे व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि पृष्ठभागावरील तापलेले पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटत राहतात. तेथे समुद्र २८ अंश सेल्सिअसच्या वर राहतो, हवा वर चढते, प्रचंड ढग तयार होतात, आणि वर गेलेली हवा दूर पूर्वेला, पेरूच्या किनाऱ्याजवळ, खाली उतरते. हे अभिसरण सर गिल्बर्ट वॉकर यांच्या नावाने ओळखले जाते. १८९९ च्या भीषण दुष्काळाची आठवण ताजी असताना, १९०४ मध्ये, त्यांनी भारतीय हवामान खात्याची सूत्रे हाती घेतली, आणि मान्सूनचा अंदाज बांधता यावा म्हणून जगभरच्या वायुभाराच्या नोंदी पडताळताना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील दाब एकमेकांच्या उलट वरखाली होतो हे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे ज्या शोधावर आज सारे जग हवामानाचे अंदाज बांधते, त्याचे मूळ आपल्याच पावसाच्या चिंतेत आहे. या दाबाच्या हेलकाव्याची एल निनोशी सांगड घालण्याचे काम जेकब बियर्कनेस यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस केले.

व्यापारी वारे मंदावले की पश्चिमेला साठलेले उबदार पाणी पूर्वेकडे सरकते, ढगांचा पट्टा त्याच्यामागे जातो, आणि इंडोनेशियापासून भारतापर्यंतच्या भागावर हवा वर चढण्याऐवजी खाली बसू लागते. खाली बसणारी हवा ढगांना वाढू देत नाही. मध्य प्रशांतातील ठरावीक पट्ट्याचे तापमान सरासरीपेक्षा अर्धा अंश किंवा त्याहून अधिक वाढून काही महिने तसेच टिकले, की त्याला एल निनो म्हणतात. तेवढेच घटले तर ला निना. अर्धा अंश ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो हजारो किलोमीटर रुंदीच्या पाण्याचा असतो आणि तेवढ्याने ढगांची जागा बदलते.

मात्र समुद्र किती तापला यापेक्षा कोठे तापला हे भारताच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरते. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातील सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक होता, तरीही त्या वर्षी देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. २००२ चा एल निनो त्यामानाने मध्यम होता. पण जुलै महिन्यात देशभरात निम्माच पाऊस झाला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील कृष्णकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याचे स्पष्टीकरण मांडले: सर्वाधिक तापलेला भाग दक्षिण अमेरिकेजवळ असेल तर हवा खाली बसण्याचा पट्टा भारताला बऱ्याच अंशी चुकवतो, पण तापलेला भाग मध्य प्रशांतात असेल तर तो पट्टा नेमका आपल्या डोक्यावर येतो. म्हणूनच “तीव्र एल निनो” या बातमीने लगेच घाबरून जाऊ नये आणि “मध्यम एल निनो” या बातमीने निर्धास्तही होऊ नये.

दुसरा घटक आपल्या अंगणातला आहे. हिंदी महासागराची पश्चिम बाजू, म्हणजे आफ्रिकेकडचा भाग, आणि पूर्व बाजू, म्हणजे सुमात्राजवळचा भाग, यांच्या तापमानातील फरकाला हिंदी महासागरी द्विध्रुव म्हणतात. बातम्यांत त्याचा उल्लेख आयओडी असा येतो. पश्चिम बाजू उबदार आणि पूर्व बाजू थंड असेल तर तो धन द्विध्रुव. अशा वेळी समुद्रावरून उपखंडाकडे येणारा बाष्पाचा पुरवठा वाढतो आणि बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागातील कमी दाबाच्या प्रणालींना बळ मिळते. ही घटना वेगळी म्हणून ओळखली गेली ती १९९९ मध्ये. १९९४ आणि २०१९ ही धन द्विध्रुवाची ठळक वर्षे होत आणि दोन्ही वर्षी देशाचा पाऊस सुमारे ११० टक्के होता. १९९७ मध्येही धन द्विध्रुवाने एल निनोचा फटका सौम्य केला. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी: द्विध्रुवाचा कळस सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये येतो. त्यामुळे जून-जुलैची तूट तो सहसा भरून काढत नाही. उलट काढणीच्या आणि छाटणीच्या दिवसांत तो पाऊस आणू शकतो. द्राक्षबागायतदारासाठी ही दुधारी गोष्ट आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे वाऱ्याकडे येतो. जूनमध्ये सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडून एक जोरदार पश्चिमी प्रवाह भारताकडे येतो. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर त्याचा वेग सर्वाधिक असतो. मान्सून सक्रिय असताना या प्रवाहाचा गाभा भारताचा पश्चिम किनारा साधारण १३ ते १७ उत्तर अक्षांशांदरम्यान ओलांडतो. सांगली १६.८५ अंशावर आणि सातारा १७.७ अंशाजवळ आहे. म्हणजे आपण या गाभ्याच्या उत्तर काठावर बसलो आहोत. मान्सूनमध्ये खंड पडला की हाच प्रवाह अरबी समुद्रातच दक्षिणेकडे वळतो आणि भारताला वळसा घालून श्रीलंकेच्याही दक्षिणेकडून निघून जातो. तेव्हा कोयना-महाबळेश्वर पट्ट्यावर ढग दिसतात, पण त्यांना मागून रेटणारा वारा नसतो.

घाटातला पाऊस म्हणजे मुळात वाऱ्याचा वेग गुणिले हवेतील बाष्प. प्रवाह जोरात आणि सह्याद्रीला काटकोनात येऊन आदळला की हवेला वर चढण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तेथून वीस किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीला त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा पाऊस पडतो, घाट उतरून वाईला आले की तो हजाराच्या आत येतो, आणि दहिवडी-म्हसवडपर्यंत पोहोचेस्तोवर पाचशे मिलिमीटरही मिळतील याची खात्री राहत नाही. एकाच जिल्ह्यात दहापटीहून मोठा हा फरक आहे. समुद्राचे चक्र या सर्व ठिकाणी सारख्याच टक्क्यांनी पाऊस वाढवते किंवा घटवते, असे मानण्याला काही आधार नाही.

एल निनोच्या वर्षी तूट कशी येते हे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. पाऊस रोज थोडा थोडा कमी पडत नाही. तो मोठ्या खंडांच्या रूपाने हरवतो. २००२ मध्ये तो जुलैत हरवला. २०२३ मध्ये ऑगस्टमध्ये, आणि तो ऑगस्ट देशाच्या १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ठरला, तूट ३६ टक्के. जुलै आणि ऑगस्ट हेच घाटाचे महिने. ते गेले की कोयनेच्या १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) जलाशयात पाणी येण्याचा मुख्य काळ गेला. २०२३ मध्ये राज्य शासनाने पहिल्या टप्प्यात जे ४० तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले, त्यांत शिराळ्याचे नाव होते. चांदोलीच्या कुशीतला, भाताचा तालुका दुष्काळी यादीत आला, याचा अर्थ त्या वर्षी पश्चिमी प्रवाहच कमी पडला होता.

मग २०१९ चे काय? २०१८ च्या अखेरीस सुरू झालेला तो एल निनो मुळात दुबळा होता आणि पावसाळ्याच्या मध्यापर्यंत विरला. त्याचा ठसा जूनवर दिसतो. त्या जूनमध्ये देशात सुमारे ३३ टक्के तूट होती. पुढे धन द्विध्रुव बळावत गेला, जुलैच्या अखेरीपासून पश्चिमी प्रवाह जोर धरून राहिला, आणि बंगालच्या उपसागरातून मध्य भारताकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालींनी त्याला आणखी ओढून घेतले. घाटात दिवसामागून दिवस अतिवृष्टी झाली, कोयना आणि वारणा यांचे विसर्ग वाढवावे लागले, आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथे धोका पातळी ४५ फूट आहे. तरीही महापूर केवळ द्विध्रुवामुळे आला असे मी म्हणणार नाही. २००५ च्या महापुराच्या वेळी प्रशांत महासागर जवळपास तटस्थ होता. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळून माणसे गेली, महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस झाला आणि सांगलीत पुन्हा पाणी शिरले, तेव्हा तर द्विध्रुव ऋण होता आणि प्रशांत महासागर दोन ला निनांच्या मधल्या तटस्थ टप्प्यात होता. तीन महापूर, आणि समुद्राच्या तीन निरनिराळ्या अवस्था.

याचे कारण असे की महापूर पाच-दहा दिवसांत घडतो आणि एल निनो किंवा द्विध्रुव अनेक महिने चालतो. संपूर्ण हंगामाचा कल समुद्र ठरवतो. पण त्या हंगामातले नेमके कोणते दहा दिवस कृष्णाकाठाला भारी जाणार, हे विषुववृत्तावरून पूर्वेकडे सरकणारा तीस ते साठ दिवसांचा मॅडन-ज्युलियन आंदोलनाचा फेरा, उपसागरातील प्रणाली आणि किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा हे तिघे मिळून ठरवतात. एल निनोच्या वर्षीही असे दहा दिवस येऊ शकतात. म्हणून नदीकाठच्या गावांनी, “यंदा एल निनो आहे, पूर येणार नाही,” असा निष्कर्ष कधीही काढू नये. ही गोष्ट मी मुद्दाम जोर देऊन सांगतो, कारण ती जिवाशी संबंधित आहे.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव यांचा हिशेब याच्या जवळजवळ उलट चालतो. पश्चिमी वारा जितका जोराचा, तितका घाट अधिक पाणी उतरवून घेतो आणि पलीकडे उतरणारी हवा कोरडी होते. त्या दिवसांत जतच्या माळावर उभे राहिले तर वारा अंगाला झोंबतो, ढग डोक्यावरून पळत पूर्वेला जातात, आणि हाती लागते ती भुरभुर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली शहरात नावा चालत होत्या त्याच सुमारास याच जिल्ह्याच्या पूर्व भागात टँकर आणि चारा छावण्या सुरू होत्या. तो विरोधाभास नव्हता. एकाच वाऱ्याचे ते दोन परिणाम होते. देशाचा पाऊस सरासरीइतका असतानाही हा पट्टा होरपळू शकतो, हे २००३ ने दाखवले. त्या वर्षी देशात १०२ टक्के पाऊस झाला, तरी माण-खटाव आणि आटपाडी-जतकडे दुष्काळ होता. २०१२ मध्येही पूर्ण एल निनो नसताना म्हसवड परिसरात जनावरांच्या छावण्या उभ्या कराव्या लागल्या.

या पट्ट्याचा खरा पाऊस पश्चिमी वारा मंदावल्यावर येतो: मेच्या वळवाचा, आणि मग उत्तरा-हस्ताचा. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात बंगालच्या उपसागरातील प्रणाली दक्षिणेकडच्या मार्गाने तेलंगण-कर्नाटक ओलांडून आल्या, की दुपारनंतर मेघगर्जनेसह चांगला पाऊस होतो आणि शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी साधते. ऑक्टोबर २०२० मध्ये, ला निनाच्या वर्षी, अशीच एक तीव्र प्रणाली काकीनाडाजवळ जमिनीवर येऊन तेलंगण, सोलापूर, सांगली असा प्रवास करत अरबी समुद्रात गेली आणि ओढ्या-नाल्यांना पूर आले. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या या पावसाशी एल निनोचे नाते घाटाच्या पावसाइतके सरळ नाही, आणि म्हणून जतच्या शेतकऱ्याने मेमधल्या दीर्घकालीन अंदाजावर रब्बीचा निर्णय बांधू नये.

एका बाबतीत मात्र गेल्या काही वर्षांत चित्र बदलले आहे. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी पूर्व भागात पोहोचू लागल्यापासून घाटातला पाऊस कालव्याने आटपाडी-जतच्या दारात येतो. उन्हाळ्यात या योजनांचे पंप चालण्यासाठी कोयनेतून कृष्णेत पाणी सोडावे लागते. म्हणजे ज्या शेतकऱ्याचा स्वतःच्या शिवारावरील पाऊस एल निनोशी सैल जोडलेला आहे, त्याचे आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याची पाळी, मात्र कोयनेच्या साठ्यामार्फत एल निनोशी घट्ट जोडले गेले आहे. माझ्या मते आपल्या भागासाठी समुद्राच्या अंदाजाचा सर्वांत विश्वासार्ह उपयोग येथेच आहे: ३० सप्टेंबरचा कोयनेचा साठा पाहून पुढच्या उन्हाळ्यातील आवर्तनांचा अंदाज बांधणे, आणि मध्य प्रशांतात एल निनो बळावत असल्याची वार्ता जूनमध्येच मिळाली तर नव्या ऊस लागणीला आवर घालणे.

वाऱ्याविषयी तुम्ही विचारले नाही, पण ठोसेघरजवळची चाळकेवाडी, पाटणचे वनकुसवडे आणि कवठेमहांकाळचे ढालगाव येथील पवनचक्क्यांमुळे तो विषय आपल्याकडे महत्त्वाचा आहे. चाळकेवाडीचे पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे, म्हणजे पश्चिमी प्रवाहाच्या गाभ्याच्या बरेच जवळ. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दहा टक्क्यांनी कमी झाला तर मिळू शकणारी ऊर्जा सुमारे २७ टक्क्यांनी घटते. त्यामुळे प्रवाह दक्षिणेकडे वळून मोठा खंड पडला, की पावसाची आकडेवारी यायच्या आधी त्या पठारावरची पाती सांगून जातात.

या सगळ्याखाली आणखी एक संथ बदल चालू आहे, आणि तो चक्राचा भाग नाही. पुण्याच्याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या अभ्यासानुसार पश्चिम हिंदी महासागराचे उन्हाळी तापमान १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंशांनी वाढले. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्याच संशोधकांनी १९५० ते २०१५ दरम्यान पश्चिम किनाऱ्यापासून मध्य भारतापर्यंतच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दाखवले, आणि त्याचा संबंध अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांच्या अचानक वाढणाऱ्या लाटांशी जोडला. हंगामाची बेरीज तेवढीच राहून पाऊस थोड्या दिवसांत कोसळणे आणि मध्ये लांब उघडीप पडणे, हा अनुभव तुम्हालाही आला असेल. धरणाचे परिचालन आणि शेततळ्याचा आकार या दोन्हींचा विचार आता याच धर्तीवर करावा लागेल.

निर्णयासाठी काय पाहावे? मार्च-एप्रिलमध्ये प्रशांत महासागर अस्थिर असतो आणि त्या वेळचे एल निनोचे अंदाज सर्वांत कच्चे असतात. मेच्या अखेरीस हवामान विभाग जो सुधारित अंदाज देतो तो अधिक भरवशाचा. तोही देशाच्या ८७ सेंटीमीटर सरासरीच्या टक्केवारीत असतो, हे विसरू नये. जूनपासून मात्र दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज पाहावा, आणि त्यात पावसाच्या नकाशाबरोबर दीड किलोमीटर उंचीवरील वाऱ्यांचा नकाशा पाहण्याची सवय लावावी. पश्चिमी प्रवाह कोकण-गोव्यावर घट्ट दिसत असेल तर पाटणला भाताची लावण उरकून घ्यावी आणि जतला पावसाची वाट पाहू नये. प्रवाह श्रीलंकेकडे वळलेला दिसला तर पाटणला पाण्याची सोय बघावी. जतला मात्र दुपारच्या गडगडाटी पावसाची शक्यता त्या काळात थोडी वाढते, म्हणून कोळपणी करून जमीन पाणी मुरण्यास तयार ठेवावी.

छाटणीबाबत माझे मत असे आहे. ज्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस धन द्विध्रुव स्पष्ट असेल आणि अरबी समुद्र सरासरीपेक्षा उबदार असेल, त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस गृहीत धरूनच चालावे. २०१९ मध्ये क्यार आणि महा ही चक्रीवादळे अरबी समुद्रात लागोपाठ झाली, पाऊस लांबला, आणि तासगाव-कवठेमहांकाळच्या फुलोऱ्यातील बागा डाऊनी (केवडा) या बुरशीजन्य रोगाने आणि घडकुजीने गेल्या. अशा वर्षी सगळी बाग एकाच आठवड्यात छाटू नये. दोन-तीन टप्प्यांत, पंधरा दिवसांच्या अंतराने छाटावी, म्हणजे पावसाचा एक फेरा सगळ्या प्लॉटवर फुलोऱ्यात सापडणार नाही. पाणी साचणाऱ्या काळ्या रानातला प्लॉट शेवटी घ्यावा, निचऱ्याच्या मुरमाड रानातला आधी. द्विध्रुव तटस्थ किंवा ऋण असेल तर नेहमीच्या तारखा बदलण्याचे कारण नाही; मात्र उपसागरातून येणाऱ्या प्रणालींसाठी छाटणीआधीच्या गुरुवारचा अंदाज तेव्हाही पाहावाच.